प्रकरण एकसष्ट, टीप नऊ

द्रोणागिरीच्या यार्डात सील तोडलं
तेव्हा कंटेनरमधून आधी उष्मा बाहेर आला,
मग कोऱ्या कापडाचा तो किंचित रॉकेलसारखा वास,
मग हसुराम घरत, दोन रांगांमधून आडवा होत,
डोक्यावर पहिला खोका.

अकराशे चाळीस खोकी. कागदावर एवढंच:
सुती, विणलेली, अंतर्वस्त्रं.

विणलेली म्हणजे कशी?
आपल्याकडे लुगडं विणतात, स्वेटर विणतात,
बाज विणतात, जाळंही विणतात,
एका क्रियापदात सगळं भागतं.
टॅरिफचं भागत नाही.
म्हणून मी दोन बोटांत धरून ओढते.
आडवं ताणलं जाऊन मुकाट जागेवर आलं
तर प्रकरण एकसष्ट.
ढिम्म राहिलं तर बासष्ट.
एकोणीस वर्षं झाली. बोटांना आता पुस्तक लागत नाही.

बिस्वाल साहेबांना लागतं.
ते एक धागा उसवून घेतात, कुंपणाबाहेर जाऊन
चहावाल्याच्या लायटरवर धरतात.
कागद जळाल्याचा वास, चिमटीत विरणारी राख.
सूत.
टोकाला मोहरीएवढा काळा मणी:
ते इलॅस्टेन, शेकडा पाच. चालतं.
वजनात जो जास्त, त्याचं नाव कपड्याला.

पुरुषांची एकसष्ट शून्य सात.
बायकांची एकसष्ट शून्य आठ.
ब्रेसियर कशीही विणलेली असो,
तिला पलीकडच्या प्रकरणात
बाजूला बसवलंय.
आणि शहाऐंशी सेंटिमीटरपर्यंतचं शरीर
नुसतं बाळ असतं,
मुलगा की मुलगी कोणी विचारत नाही.
सत्त्याऐंशीव्याला विचारतात.

दोनशे चौदावा खोका फोडला.
राखाडी. पुढे फट नाही, कडेला लेस नाही,
लेबलावर फक्त वय आठ ते दहा.
हसुरामने एक चड्डी दिव्यासमोर धरली,
उलटी केली, सुलटी केली.
"म्याडम, ही कोनाची?"

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, टीप नऊ काढली,
आणि बोट ठेवून हळू वाचली.
पुरुषांचे की स्त्रियांचे, हे ज्यांचं ओळखता येत नाही
ते कपडे
स्त्रियांच्या शीर्षकाखाली.

"म्हंजे बाईमानसाची," हसुराम म्हणाला
आणि खोका उजवीकडच्या थप्पीवर ठेवला.

मी लिहून घेतलं. खोका २१४, नग सहाशे.

माझी पहिली नऊ वर्षं सुहासदादाच्या चड्ड्यांत गेली.
आई जुनं इलॅस्टिक उपसून काढायची,
सेफ्टी पिनेला नवं बांधून
नेफ्यातून सरकवत सरकवत पलीकडे न्यायची,
की शून्य सातची शून्य आठ.
छदामाचं शुल्क नाही.
फक्त दोरीवरची जागा बदलायची.
त्याची होती तोवर उघड्या उन्हात,
माझी झाली की परकराखाली.
तीच चड्डी, तीच दोरी,
शाळेत जाताना अजून थोडी ओली.

हे साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं.
तीन नग नमुना म्हणून काढले,
पाकिटात घातले, लाख वितळवली.
माझी सही, त्यांची सही.
नमुना परत येत नाही, आयातदारही मागत नाही.
हसुरामने उरलेली खोकी पट्टीने बांधली
आणि पाठ फिरवून नळाखाली तोंड धुतलं.

उलव्याला पोचले तेव्हा साडेसात झाले होते.
चौदावा मजला. गॅलरीसमोर
बंदराच्या क्रेनचे दिवे, दुसरं कोणी नाही.
कपडे काढायला गेले, तर माझे
टॉवेलच्या आत.
सकाळी मीच घातले असणार तसे,
हातानेच, पुस्तक न बघता.

हात लावून पाहिला. दमट.
टॉवेल काढून घेतला, त्यांना राहू दिलं.
मग वारा फार होता,
म्हणून दोन दोन चिमटे लावले.